मैदानातील पायी फेरी

कोलकात्यात मुलांसह पायी हिंडावयाचे, तर हिवाळ्यातील सकाळी शहीद मिनारापासून निघावे आणि मैदानाच्या गवतातून दक्षिणेस व्हिक्टोरिया मेमोरियलपर्यंत जावे. अंतर दोन-अडीच कि. मी., चढ मुळीच नाही. वाटेत घोडे, मेंढ्या चरत असतात. मुले तेथे रेंगाळतात, रेंगाळू द्यावीत.

हे माळरान मात्र आपोआप मोकळे राहिलेले नव्हे. 1757 नंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला, तेव्हा तोफांच्या माऱ्यासाठी गोविंदपूर गाव उठविले, जंगल तोडले. त्या किल्ल्याला सैन्याने आपल्या कोकणातील विजयदुर्गाचे नाव दिल्याचे 2025 साली जाहीर झाले. मराठी मूल हे ऐकून हरखेल. पण त्याला दुसरी हकीकतही सांगावी. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने 1742 साली या शहराने खंदक खणावयास घेतला. तो अर्धवट राहिला. मराठे शहरात आलेच नाहीत. बंगालची खेडी मात्र त्यांनी लुटली, आणि आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो तेथील अंगाईगीतांत भयाचा शब्द ठरला. ‘ते आपलेच होते का?’ असे मूल विचारील. ‘होय’ म्हणावे.

तो खंदक बुजवून पुढे सर्क्युलर रोड झाला. मेमोरियलच्या दक्षिणेसच तो रस्ता आहे, आता जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचा. पाय दुखत नसतील, तर तोही दाखवावा.