थांबलेला घाणा

काशीदहून रेवदंड्याकडे निघालात की वाटेत कोर्लई लागते. पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे तिथले ख्रिस्ती रविवारी मिस्साला जातात. याच किनाऱ्यावरचे बेने इस्राएल तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत. लोक त्यांना 'शनिवार तेली'च म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. हातावर पोट असताना एका दिवसाची कमाई सोडणे काही थोडके नव्हे! शब्बाथाची आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे. तीत चाकराला नि गुराढोरांनाही विसावा सांगितला आहे. म्हणजे घाण्याच्या बैलालाही.

ख्रिस्ती मंडळींनी येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. पण मिस्सा आटोपून दिवसभर हिशेबच केले, तर विसावा कसला? घटकाभर स्वस्थ बसावे, मागले सहा दिवस आठवावेत. कुणाला टाकून बोललो? कुणाची मजुरी अडवली? देवाचे आभार कशाबद्दल राहिले? याला पुस्तकी शिक्षण लागत नाही. सवड मात्र लागते.

आणि ती घरच्या बाईला कुठली? रविवारचा सणासारखा स्वयंपाक तिच्याच माथी. शब्बाथ पाळणाऱ्या यहुदी घरांत रांधणे आदल्या दिवशीच उरकतात. आपणही त्या दिवशी शिळ्या भाकरीवर भागवायला काय हरकत आहे?