कोन बदलला की वेगही बदलतो



वस्तू ४५ अंशांत फेकली की पल्ला सर्वाधिक, हे उत्तर तुम्हा सगळ्यांना अकरावीपासून पाठ आहे. फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मांडलं, आणि त्या गणितातून हे उत्तर निघतं. उत्तर चोख आहे. मात्र त्यात तीन गोष्टी धरून चाललेल्या आहेत: हवेचा अडथळा नाही, वस्तू सुटते त्याच पातळीवर पडते आणि कोन कोणताही घेतला तरी वेग तोच राहतो. पहिल्या दोन आपण परीक्षेत लिहितो. तिसरी कुणी उच्चारतही नाही, आणि मला आज तिच्याचबद्दल बोलायचं आहे.

गोळाफेक घ्या. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. मानेशी टेकवलेला तो गोळा हात सरळ होताना सुटतो, तेव्हा जमिनीपासून दोन मीटरहून थोडा वर असतो. उंची २.१ मीटर आणि वेग सेकंदाला १४ मीटर धरून आकडेमोड करा. केवळ या उंचीमुळे सर्वांत फायद्याचा कोन ४२ अंशांवर उतरतो आणि पल्ला २२ मीटर येतो. तरीही अव्वल गोळाफेकपटूंचा कोन त्याहून बराच कमी, बहुधा चाळिशीच्या आत भरतो.

त्यांचं काही चुकत नाही. गोळा जितका उभा ढकलावा, तितकी जास्त ताकद त्याचं वजन उचलण्यात खर्च होते. शिवाय छातीसमोर रेटताना आपल्या शरीरात जो जोर असतो, तो डोक्यावर ढकलताना राहत नाही. म्हणजे कोन वाढवला की वेग घटतो. आता ३७ अंश घ्या. वेग तोच ठेवला, तर सुमारे ३० सेंटिमीटर गेले. पण खाली आणलेल्या कोनामुळे वेग दोनच टक्क्यांनी वाढला, तर गोळा साडेबावीस मीटरच्या जवळ पोचतो! पल्ला जवळपास वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि सर्वोत्तम कोनाच्या आसपास दोनचार अंशांनी फारसं बिघडत नाही. हा हिशेब खेळाडूंच्या अंगात सरावाने मुरलेला असतो.

लांब उडीत तर हे आणखी ठळक दिसतं. सेकंदाला दहा मीटर वेगाने धावत आलेल्या माणसाला ४५ अंशांत उडायचं, तर वरच्या दिशेनेही तितकाच वेग हवा. त्या वेगाने त्याचं शरीर पाच मीटर वर जाईल. कुणाच्या पायांत एवढं बळ नाही. म्हणून तो साधारण २० अंशांत झेपावतो.

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी पंप बसवतील, कुणी पूल बांधतील, कुणी शाळेत हेच सूत्र शिकवतील. सूत्रातली एक राशी बदलताना दुसरी खरोखर जागेवर राहते का, हे प्रत्यक्ष मोजून बघा. शिकवणाऱ्यांनी तर मुलांना मैदानावर न्यावंच. टेप आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे होतो.