फोटो कशासाठी काढला, ते विचारा
(आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गर्भलिंगचाचणी आठवते, 1988 चा महाराष्ट्राचा कायदा आठवतो. यंत्राकडे संशयाने बघायला आपण तिथे शिकलो. आज मला उलट बाजू सांगायची आहे. योग्य यंत्र बाईपर्यंत पोचतच नाही, तेव्हा काय होतं?

विषय गुदाशयाच्या कर्करोगाचा आहे. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. संडासवाटे रक्त गेलं तर आपल्या बायका ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसतात. डॉक्टरांनीही आतून तपासलेलं नसतं. तुकडा तपासून कर्करोग ठरला की घरचे विचारतात, ऑपरेशन कधी? मधला प्रश्न कुणी विचारत नाही: आजार कुठवर गेलाय?

रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना मी एक वाक्य सतत ऐकते, ‘सीटी स्कॅन झालाय, आता आणखी फोटो कशाला?’ छत्तीस वर्षांच्या एका बाईच्या दिरानेही हेच विचारलं. खर्च त्याच्या माथी होता, त्याला दोष कसा देणार? पण प्रत्येक फोटो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सीटी स्कॅन छाती आणि पोटाचा करतात. आजार यकृतात किंवा फुप्फुसात पसरलाय का, हे तो चांगलं सांगतो. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलीय, हे मात्र त्यात नीट दिसत नाही. त्यासाठी ओटीपोटाचा एमआरआय लागतो. गुदाशयाभोवती चरबी असते आणि तिच्यावर पातळ आवरण. सर्जन या आवरणासकट सगळा भाग काढतो. गाठ आवरणापासून 1 मिलिमीटरच्या आत आली असेल तर कडेला आजार मागे राहण्याचा धोका असतो, म्हणून सहसा आधी रेडिएशन, केमोथेरपी देतात. युरोपातल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘मर्क्युरी’ अभ्यासाने 2006 मध्ये दाखवलं की ही कड मोकळी राहील की नाही, हे एमआरआय शस्त्रक्रियेआधीच बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. समोरच्या बाजूला ही चरबी पातळ असते आणि लगेच योनीमार्गाची भिंत लागते. ती भिंत वाचते की नाही, हा आपल्या शरीराचा प्रश्न, आणि तोही इथेच कळतो.

गुदद्वारातून नळी घालून करायची सोनोग्राफी गाठ अगदी लहान असते तेव्हा उपयोगी पडते. वरच्या थरापुरती आहे की खाली स्नायूत उतरलीय, हे ती चांगलं दाखवते. गाठीने वाट अरुंद झाली असेल तर नळी पुढे जातच नाही, आणि निकाल करणाऱ्याच्या हातावर बराच अवलंबून असतो. इथे बाईने ‘सोबत नर्स हवी’ म्हटलं तर तो नखरा नव्हे. पेट स्कॅन महागडा आहे. सरसकट लागत नाही, सीटीत शंका राहिली तर काढतात. आणि लसिकाग्रंथींच्या बाबतीत सगळीच यंत्रं चुकतात. लहान ग्रंथीत आजार असू शकतो, मोठी ग्रंथी नुसत्या सुजेनेही फुगते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. साधारण अर्धा तास आवाजात निश्चल पडून राहावं लागतं. मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतात. सासूसमोर मंगळसूत्र उतरवणं काहींना यंत्रापेक्षा अवघड जातं, म्हणून घरीच आधी बोलून ठेवा. शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल तर आधी सांगा.

त्या बाईचा एमआरआय झाला. रेडिएशन ठरलं. सगळी चर्चा दिराशी आणि नवऱ्याशी चालली होती. ओटीपोटाला रेडिएशन दिलं की बीजकोश बंद पडून पाळी कायमची थांबू शकते, गर्भाशयावर परिणाम होतो, योनीमार्ग आखडू शकतो. बीजकोश शस्त्रक्रियेने वर सरकवता येतात किंवा बीजं साठवता येतात, पण हे सगळं रेडिएशन सुरू होण्याआधी. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, तिच्याशीच बोला. तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे पाळी जाईल?” त्यावर पाऊण तास बोलणं झालं.

तुम्ही सोबत जाल तेव्हा रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना ती लागते, आणि ती बाईच्या पिशवीत राहू द्या. गाठ आवरणापासून किती दूर आहे, योनीमार्गाला लागलीय का, हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.