हळदीचा आकडा आणि तापलेला कॉलम

आज बोलतोय गिरडहून. शेख फरीदबाबांच्या टेकडीमुळे हे गाव विदर्भाला ठाऊक आहे. पण आजचा विषय आहे याच समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद. तिला भौगोलिक मानांकन आहे. तरी मोठा खरेदीदार भावाआधी विचारतो, "कर्क्युमिन किती?"

हा आकडा येतो कुठून? हळदीत मुख्य पिवळे घटक तीन: कर्क्युमिन आणि त्याची दोन सख्खी भावंडं. रंग जवळपास सारखाच. त्यामुळे नुसता रंग मोजला, तर तिघांची बेरीज एकाच्याच नावावर जमा होते. वेगवेगळं मोजायला लागते लिक्विड क्रोमॅटोग्राफी. बारीक कणांनी ठासून भरलेली नळी, म्हणजे कॉलम. त्यातून हळदीचा अर्क द्रावकासोबत पंपाने ढकलायचा. कण ज्याला जास्त धरून ठेवतात, तो उशिरा बाहेर पडतो.

आता यात उष्णतेचं काय काम? काकवी आठवा. गरम झाली की पातळ होते ना? द्रावकाचंही तसंच. पाणी 25 वरून 60 अंशांवर नेलं, तर त्याचा चिकटपणा जवळपास निम्मा होतो. पंपावरचा दाब उतरतो, प्रवाह वाढवता येतो, तपासणी लवकर उरकते.

दाबाखाली ठेवलं तर पाणी 200 अंशांनाही उकळत नाही. उलट थंड मिथेनॉलसारखं विरघळवायला लागतं, म्हणजे विषारी द्रावक वाचतो. पण नेहमीचे सिलिकाचे कॉलम 60 अंशांपुढे फार टिकत नाहीत. तिथे झिर्कोनियाचे किंवा कार्बनचे कॉलम लागतात. शिवाय फार उष्णतेत कर्क्युमिनच मोडायला लागतं. म्हणून हळदीला मध्यम ऊबच बरी, आणि ती स्थिर हवी. मे महिन्यात आपल्या वर्ध्याचा पारा 45 गाठतो. कॉलम बंदिस्त कप्प्यात ठरलेल्या तापमानाला ठेवला नाही, तर सकाळची आणि दुपारची तपासणी जुळत नाही.

तेव्हा शेतकरी मित्रांनो, रिपोर्ट हातात आला की दोनच गोष्टी विचारा. हा आकडा एकट्या कर्क्युमिनचा की तिघांचा? आणि कॉलम किती अंशांवर होता? दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून कुणी भाव पाडत असेल, तर ती तुलनाच नव्हे. हे ठणकावून सांगा.