सरासरीच्या पलीकडची वस्ती

मी बी.ए. झालो तो गणिताला वळसा घालूनच. तरी वीज गावोगाव पोचवण्यामागचं गणित मला आवडतं, कारण त्यात तारेबरोबर माणसंही मोजावी लागतात.

आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांतात विजेचं जाळं पसरत होतं. सगळी गावं जोडायची, पण तार कमीत कमी लागली पाहिजे! तरुण गणिती ओटाकार बोरूव्हका यांनी याचं उत्तर १९२६ साली प्रसिद्ध केलं. अवघी १० गावं घेतली, तरी एकही फेरा होऊ न देता ती जोडण्याच्या तऱ्हा होतात १० कोटी. बोरूव्हकांची युक्ती साधी होती. प्रत्येक गावानं सर्वांत जवळच्या गावाचा हात धरायचा. त्यातून गट बनतात. मग प्रत्येक गटानं जवळच्या गटाचा हात धरायचा. असं करत सगळी गावं जोडली जातात आणि तार सर्वांत कमी लागते.

पण या काटकसरीत एक खोट आहे. फांदी मोडली की तिच्यावरची सगळी पानं सुकतात, तशी एक तार तुटली की पुढची सारी गावं अंधारात जातात. म्हणून अभियंते दोन फांद्यांची टोकं जादा तारेनं जोडून ठेवतात. तिच्यावरचा स्विच एरवी बंद असतो. बिघाड झाला की तेवढा तुकडा वेगळा काढायचा, हा स्विच चालू करायचा आणि पलीकडून वीज घ्यायची. अशा तारा आणि स्विच नेमके कुठे बसवायचे, हे आज संगणक शोधतो. त्याच्या एका पारड्यात असतो खर्च आणि दुसऱ्यात ग्राहकांचे अंधारातले तास.

खरी मेख इथं आहे. तास सरासरीनं मोजले, तर १००० घरांच्या शहराचा एक तास आणि ४० घरांच्या वस्तीचे २५ तास सारखेच भरतात. साहजिकच तार शहराकडे जाते. वस्तीतले ते तास मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीचे असू शकतात, सहेरीचे असू शकतात.

‘कुठल्याही घरी अमुक तासांपेक्षा जास्त अंधार नको’ अशी अट आधीच घातली, तर तेच गणित वस्तीसाठीही वाट काढतं. खर्च वाढतो. तो सोसायचा की नाही, हे संगणक सांगत नाही. ते आपण सर्वांनी मिळून ठरवायचं असतं.