घरपट्टीतून गावासाठी

पलूस तालुक्यातलं कुंडल म्हटलं की १९४३ चं प्रतिसरकार आठवतं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या त्या सरकारनं गावोगावी न्यायनिवाडे केले, बिनखर्चाचे गांधी-विवाह लावले. त्याच कुंडलमध्ये आज सरकारच्या आणि गावाच्या पैशातून दुबळ्यांसाठी काय करता येतं, ते पाहू.

आधी घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. पैसे हप्त्यांनी, थेट बँक खात्यात. जोतं झालं की अभियंता येतो, मोबाईलवर जागेच्या नोंदीसह फोटो काढतो आणि मगच पुढचा हप्ता सुटतो. खरी अडचण पुढे आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जागा नाही, त्यानं जोतं घालायचं कुठं? अशांना दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते, पण ती पुष्कळांना ठाऊकच नसते, आणि याचं फार वाईट वाटतं.

दुसरं, आपली घरपट्टी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचे असतात. लाखाच्या उत्पन्नात दिव्यांगांचे ५ हजार. रक्कम लहान, पण कुणाची तरी कुबडी त्यातच येते.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. हा खर्च झाला का, हे तिथं कोणताही मतदार विचारू शकतो.