गाण्याचें यंत्र आणि आपला कान



घरांत गाणें ऐकण्याचें नवें यंत्र आणावयाचें ठरलें, म्हणजे आपण किती चौकशी करतों! अँप्लिफायर किती शक्तीचा, स्पीकरच्या पेटीचें लाकूड कोणतें, जोडणीच्या तारा कोणत्या धातूच्या, दुकानदार काय म्हणतो, आणि ज्यानें गतवर्षीं तेंच यंत्र घेतलें तो शेजारी काय म्हणतो. या साऱ्या चौकशींत एका यंत्राचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. तें दुकानांत मिळत नाहीं, बिघडल्यास बदलून मिळत नाहीं, आणि गाण्याचा प्रत्येक सूर अखेर त्यांतूनच जावयाचा असतो. तें म्हणजे ऐकणाराचा कान. आज त्याच्याविषयींच चार शब्द बोलावयाचे आहेत.

यंत्राच्या माहितीपत्रकावर बहुधा असें छापलेलें असतें कीं, हें यंत्र दर सेकंदास २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि उमटवितें. हा आंकडा निरोगी, तरुण कानाच्या मापानें धरलेला आहे. वय वाढूं लागलें कीं कान वरच्या टोकाकडून उतरूं लागतो. पन्नाशीच्या सुमारास बहुतेकांची वरची मर्यादा बारा ते चौदा हजार कंपनांवर आलेली असते, आणि पुढें ती आणखीहि खालीं येते. कांचेच्या मोठ्या नळीचे जुने दूरचित्रवाणी संच ज्या घरांतून होते, तेथील मंडळींना याचा पडताळा आलेला असेल. त्या संचांतून दर सेकंदास १५,६२५ कंपनांची एक बारीक शीळ निघत असे. आवाज पार बंद केला तरी मुलें शेजारच्या खोलींतून सांगत कीं संच चालू आहे, आणि आजोबा म्हणत, "छे! बंदच आहे कीं." दोघेहि खरेंच बोलत असत.

असें कां व्हावें? कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. ती उलगडली तर सुमारें ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यांत केसाळ पेशींच्या रांगा असतात. आंतल्या रांगेंत सुमारें साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारें बारा हजार. उंच सुरांचा प्रतिसाद या शंखाच्या तोंडाशीं होतो आणि खर्जाचा आंतल्या टोंकाशीं. जॉर्ज फॉन बेकेशी यांनीं या नळींतील लहरींचा शोध लावला, व त्याबद्दल त्यांस १९६१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तोंडाशीं असलेल्या पेशी आधीं झिजतात, आणि मनुष्याच्या कानांत गेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. लाखभर पेशी असत्या तर गोष्ट निराळी होती. येथें सारा संसार पंधरा-सोळा हजारांचा आहे.

मग वरचे सूर गेले म्हणजे गाणें गेलें काय? मुळींच नाहीं. पियानोची अगदीं शेवटची पट्टीसुद्धां ४,२०० कंपनांच्या आंतच असते, आणि गवयाचा गळा त्याच्याहि पुष्कळ खालीं हिंडतो. त्याच्या वर असतात ते उपस्वर. तंबोऱ्याचें उदाहरण घ्या. जिवारीचा दोरा नीट बसला कीं एका तारेंतून उपस्वरांचा केवढा थवा उठतो! एरवींचा नियम असा कीं, ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु तार छेडण्याच्या जागींच पडतो, तो उमटूं नये. तंबोऱ्यावर तोहि उमटतो, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. उतारवयाच्या कानाला या थव्यांतील वरचे पक्षी दिसत नाहींत एवढेंच. झंकार थोडा मंदावतो. षड्ज जागच्या जागीं राहतो.

मिरजेस राहणाऱ्या अब्दुल करीम खां यांचें निधन १९३७ सालीं झालें. त्यांच्या वेळच्या तबकड्यांवर पांच-सहा हजार कंपनांपलीकडचें फारसें कांहीं उमटत नसे, आणि जें उमटे त्यावर सुईची खरखर. तरी त्या तबकड्या आजहि लोक जीव लावून ऐकतात. म्हणून मला असें वाटतें कीं, साठी उलटलेल्या गृहस्थानें निव्वळ वरच्या सुरांच्या सफाईसाठीं आपल्या पुंजीतून लाखभर रुपये वेंचणें म्हणजे, जी खिडकी आपल्याला उघडतांच येत नाहीं तिला रेशमी पडदा लावणें होय. हौसेला मोल नसतें हें मला मान्य आहे. पण काय विकत घेत आहों हें तरी ठाऊक असावें.

कानाची दुसरी एक खोड तरुणांनाहि लागू आहे. आवाज बारीक असतां कान खर्जाकडे विशेषच दुर्लक्ष करतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेंतील दोघा शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं हें मोजून दाखविलें. रात्रीं शेजाऱ्यांची झोंप मोडूं नये म्हणून आपण आवाज उतरवितों, तोंच तबल्याचा बायां गेल्यासारखा वाटतो, आणि आपण स्पीकरला दोष देतों. स्पीकर निर्दोष असतो. अनेक यंत्रांवर 'लाउडनेस' नांवाचें बटण असतें तें याचसाठीं. तें रात्रीं लावावें, दिवसां काढावें. उलट, दोन यंत्रें शेजारीं लावून पाहिलीं तर जें किंचित् मोठ्यानें वाजतें तेंच आपल्याला सरस वाटतें. हें चतुर दुकानदार जाणतो. गिऱ्हाइकानेंहि जाणावें, आणि दोन्हींचा आवाज सारखा करून मगच निवड करावी.

आतां जी गोष्ट घरोघर कलहाचें कारण होते तिच्याकडे वळूं. वडील रेडिओचा आवाज वाढवितात, सून कमी करते. वडील म्हणतात, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहींत." हें अक्षरशः खरें असतें. स्वरांचें बळ खालच्या सुरांत असतें, तर स, श, फ यांसारखीं व्यंजनें वरच्या सुरांवर उभीं असतात. तीं गळालीं कीं 'सात' आणि 'हात' यांत भेद उरत नाहीं. दुसरें असें कीं, अशा कानाला बारीक आवाज ऐकूं येत नाहीं, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधीं कधीं अधिकच बोंचतो. "मोठ्यानें बोल" म्हणणारे आजोबा दुसऱ्याच क्षणीं "ओरडतोस काय?" म्हणतात, तो त्यांचा तऱ्हेवाईकपणा नव्हे. आणि होतें काय, तर मंडळी कान तपासून घेण्याऐवजीं नवें यंत्र आणतात. चष्मा लावण्याची लाज कोणाला वाटत नाहीं. कानाचें नांव काढलें कीं माणूस तिसरीकडे पाहूं लागतो!

तपासणी अगदीं साधी असते. बंद खोलींत निरनिराळ्या उंचीचे सूर एकेका कानाला ऐकवितात आणि त्याचा आलेख काढतात. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या कामीं आहे. इतर शहरांतूनहि सोय असते. आलेख हातीं आला म्हणजे कित्येक गोष्टी उलगडतात. एक कान उणा असेल तर यंत्राचा तोल त्या बाजूस झुकवितां येतो. कानांत घालण्याच्या हेडफोनवर ऐकणाऱ्यानें दोन्ही बाजू एकत्र करणारी योजना लावावी. नाहीं तर एका बाजूस ठेवलेली सारंगी त्याच्यापुरती नाहींशीच होते.

तरुण मंडळींसाठीं एकच हिशेब सांगतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणें निर्धोक. ९० डेसिबेल असेल तर अवघे चार तास. दर तीन डेसिबेलला मुदत निम्मी होते. उत्सवांतले ताशे आणि स्पीकरच्या भिंती यांतच हे चार तास कसे सरतात तें मीं सांगावयास नको.

राहिलें श्रवणयंत्र. तें मुख्यतः बोलणें समजावें म्हणून घडविलेलें असतें. स्वतःची शीळ ओळखून ती दाबण्याची व्यवस्था त्यांत असते, आणि आपल्या संगीताची अडचण नेमकी येथें येते: बांसरीचा लांबलेला स्वर किंवा गवयानें लावून धरलेला षड्ज ही त्या यंत्राला शीळच वाटते, मग सूर थरथरतो, नाहीं तर मध्येंच दबतो. पुष्कळ लोक एवढ्यावरून यंत्र पेटींत घालून ठेवतात आणि गाणें सोडतात. तसें करूं नये. गाण्यासाठीं ही व्यवस्था सौम्य केलेला निराळा विभाग बहुतेक यंत्रांत ठेवून मिळतो. मात्र तो मागावा लागतो. यंत्र बसवून घ्यावयास जातांना आपल्या आवडीच्या गवयाचा एखादा विलंबित ख्याल बरोबर न्यावा, तो तेथेंच लावावयास सांगावा, आणि मागचा तंबोरा स्थिर ऐकूं येईपर्यंत खुर्चीवरून उठूं नये.